पुसण्याची किंमत : फार दूरच्या भविष्यातील संगणक

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, हजार किंवा दहा हजार वर्षांनंतर संगणक कसा असेल. तो धुळीच्या कणाएवढा होईल की ग्रहाएवढा, त्याचा वेग आजवर वाढला तसाच वाढत राहील का, आणि या विषयात काम करायचे असेल तर आज काय शिकावे. मी गेली एकतीस वर्षे मोठ्या संगणकांच्या देखभालीचे काम करतो आहे. या प्रश्नाकडे मी त्या कामाच्या बाजूने पाहतो, म्हणजे संगणक काय करतो याच्याइतकेच तो किती तापतो याकडेही पाहतो.

उत्तर आधी थोडक्यात सांगतो. फार दूरच्या भविष्यातील संगणक आजच्यापेक्षा पुष्कळ थंड असेल, त्याचा प्रत्येक सुटा भाग आजच्यापेक्षा सावकाश चालेल, तो फार मोठ्या जागेत पसरलेला असेल आणि तो शक्यतो काहीही पुसणार नाही. यांतला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाकीचे तिन्ही त्यातूनच निघतात.

भविष्याविषयी बोलताना मागच्या काही वर्षांचा आलेख तसाच पुढे ओढण्याची आपल्याला सवय आहे. ती किती फसवी आहे हे माझ्या पिढीने पाहिले आहे. १९९० मध्ये चांगल्या वैयक्तिक संगणकाचा प्रोसेसर ३३ मेगाहर्ट्झवर (सेकंदाला ३.३ कोटी ठोके) चालत असे आणि २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झवर (सेकंदाला ३८० कोटी ठोके) चालणारा प्रोसेसर बाजारात मिळू लागला. चौदा वर्षांत वेग शंभरपटीहून अधिक वाढला. त्याच चालीने गेलो असतो तर आज कित्येक शे गिगाहर्ट्झचे प्रोसेसर आपल्या टेबलावर असायला हवे होते. प्रत्यक्षात वीस वर्षांनंतरही आपण पाच-सहा गिगाहर्ट्झच्या आसपासच आहोत. ट्रान्झिस्टर (वीज चालू-बंद करणारा प्रोसेसरमधला सूक्ष्म स्विच) लहान करत नेले की त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात घटते, हा १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला नियम २००५ च्या सुमारास लागू पडेनासा झाला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण त्यांची उष्णता त्या प्रमाणात कमी होईना. वेग अडला तो तिथे.

म्हणून दूरचा विचार करताना काय बदलेल याआधी काय बदलणार नाही हे पाहावे, असे माझे मत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. आज खिशातल्या फोनमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्या यंत्रातले जवळजवळ काहीच आज उरलेले नाही. परंतु आत जाणारी सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती उष्णता काढून टाकल्याशिवाय यंत्र चालत नाही, ही गोष्ट तेव्हा जितकी खरी होती तितकीच आजही आहे.

याचा एक अनुभव मी विसरू शकत नाही. काही वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, आमच्या यंत्रकक्षाच्या चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) पंप बंद पडला. यूपीएसमुळे संगणक मात्र चालूच राहिले आणि घात तिथेच झाला, कारण वीज आत येत होती आणि उष्णता बाहेर जायला वाट नव्हती. आमचे एकेक रॅक तीस किलोवॉटचे होते, म्हणजे एका कपाटात घरातले पंधरा गिझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे. पहिल्या पाच-सहा मिनिटांतच थंड बाजूचे तापमान २२ अंशांवरून ३४ वर गेले. सर्व्हरचे पंखे एकामागून एक पूर्ण वेगाने फिरू लागले आणि त्यांचा आवाज इतका चढला की शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याशी ओरडून बोलावे लागत होते. तापलेल्या धुळीचा आणि प्लास्टिकचा वास सुटला. आम्ही दारे उघडली, पहारेकऱ्याच्या खोलीतला उभा पंखा आणून लावला, पण बाहेरची हवाच चाळीस अंशांची होती. मग यंत्रांनी आपणहून वेग कमी केला आणि शेवटी ती एकेक करून बंद पडली. एका संशोधकाची नऊ दिवस चाललेली गणना त्यात गेली. संगणकाचा वेग ठरवण्यात प्रोसेसरइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, वाटा उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याचा असतो, हे त्या दुपारी मला जितके कळले तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गणना करताना उष्णता निर्माण होणे खरोखरच अटळ आहे का, की ती केवळ आपल्या यंत्रांची उणीव आहे? याचे उत्तर १९६१ मध्ये आयबीएममधील रॉल्फ लँडावर यांनी दिले आणि संगणकाच्या भवितव्याविषयी आजवर लिहिल्या गेलेल्या गोष्टींत मी ते सर्वांत मोलाचे मानतो. गणना करण्याला किमान ऊर्जेची अट नाही, अट आहे ती माहिती पुसण्याला, असे त्यांचे म्हणणे. एका बिटमध्ये, म्हणजे माहितीच्या सर्वांत लहान एककात, शून्य आहे की एक हे ठाऊक नसताना ते कोरे करून शून्यावर आणले, तर आधीच्या दोन शक्यतांची एक झाली. निसर्गात असा फरक नाहीसा होत नाही. तो भोवतालच्या अणुरेणूंच्या हालचालीत, म्हणजे उष्णतेत, जाऊन मिसळतो. फळ्यावरचे गणित पुसले की फळा स्वच्छ दिसतो, पण खडूची भुकटी वर्गात कुठे ना कुठे बसलेलीच असते, तसेच हे आहे. साधारण खोलीच्या तापमानाला एक बिट पुसण्याची ही किमान किंमत म्हणजे, एका ज्यूलचे एकावर एकवीस शून्ये इतके भाग केले तर त्यांतले सुमारे तीन भाग.

हे नुसते कागदावरचे सूत्र नाही. २०१२ मध्ये फ्रान्समधील लिओं येथील प्रयोगशाळेत संशोधकांनी पाण्यातला काचेचा एक सूक्ष्म मणी, सुमारे दोन मायक्रॉन व्यासाचा, लेझरच्या किरणांनी तयार केलेल्या दोन खळग्यांत ठेवला. डावा खळगा म्हणजे शून्य, उजवा म्हणजे एक. मधला उंचवटा उतरवून आणि सापळा किंचित कलता करून, मणी कुठेही असला तरी तो एकाच खळग्यात यावा अशी व्यवस्था त्यांनी केली, म्हणजेच एक बिट पुसले आणि त्यात किती उष्णता बाहेर पडली ते मोजले. घाईने पुसले की किंमत पुष्कळ जास्त पडे. जितके सावकाश पुसावे तितकी ती लँडावर यांच्या आकड्याजवळ येई, पण त्याच्या खाली गेली नाही. या प्रयोगातले ‘सावकाश’ हे माझ्या दृष्टीने मणी आणि लेझर यांच्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आपल्या आजच्या चिप्स या मर्यादेपासून अजून फार लांब आहेत. एका साध्या तार्किक क्रियेला त्या हजारो पटींनी, आणि तारांचा खर्च धरला तर त्याहूनही अधिक ऊर्जा घालवतात. याचे कारण असे की, आजच्या ट्रान्झिस्टरमध्ये एक ‘एक’ साठवायचा म्हणजे विद्युतभाराची बादली भरायची आणि पुढच्या क्षणी ती मोरीत ओतून द्यायची, अशी पद्धत आहे. शिवाय आपल्या गेट्सची, म्हणजे बिटांवर तार्किक क्रिया करणाऱ्या सर्किटांची, रचनाच विसरणारी आहे. दोन्ही बिटे एक असतील तरच एक देणाऱ्या अँड गेटमधून शून्य बाहेर आले तर आत शून्य-शून्य होते, शून्य-एक होते की एक-शून्य होते, हे त्यावरून सांगता येत नाही. प्रत्येक गेट प्रत्येक वेळी थोडे थोडे विसरते आणि त्या विसरण्याची उष्णता आपण चिलर लावून बाहेर काढत बसतो.

चार्ल्स बेनेट यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, कोणतीही गणना काहीही न विसरता करता येते. मधल्या पायऱ्यांची सगळी नोंद ठेवत पुढे जायचे, उत्तर मिळाले की तेवढे वेगळे उतरवून घ्यायचे आणि मग आल्या वाटेने एकेक पायरी उलटी करत मागे यायचे. विणून पाहिलेला नमुना उसवला की लोकर जशीच्या तशी गुंडाळीवर परत येते, तशी मेमरी पुन्हा मूळ स्थितीत येते आणि पुसावे काहीच लागत नाही. याला व्युत्क्रमी गणना म्हणतात. तिची किंमत ऊर्जेत न मोजता वेळेत आणि जागेत मोजावी लागते. विद्युतभार ओतून न देता हळूहळू चढवून हळूहळू परत घ्यायचा असेल, तर ढोबळमानाने वेग निम्मा केला की प्रत्येक क्रियेतला ऊर्जेचा तोटाही निम्मा होतो. मग दुप्पट यंत्रे निम्म्या वेगाने चालवली तर काम तेवढेच होते आणि वीज मात्र निम्मी लागते. चौपट यंत्रे पाव वेगाने चालवली तर पाव लागते. यंत्रांची किंमत उतरत गेली आणि ऊर्जा मात्र मौल्यवान राहिली, तर हजारो वर्षांच्या हिशेबात हा मार्ग जिंकणार याबद्दल मला शंका वाटत नाही. म्हणून मी वर म्हटले की भाग सावकाश होतील. समोर बसलेल्या माणसाला उत्तर लगेच मिळेल, पण ते असंख्य संथ भागांनी मिळून तयार केलेले असेल.

असे यंत्र शक्य आहे याचा पुरावा आपल्या डोक्यातच आहे. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांतली एकेक पेशी सेकंदाला फार तर काहीशे वेळा स्पंदने देते आणि एवढा सगळा व्यवहार सुमारे वीस वॉटमध्ये चालतो. २०२२ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथे एक्साफ्लॉपची, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितक्रियांची, पायरी पहिल्यांदा गाठणाऱ्या फ्रंटियर या महासंगणकाला सुमारे एकवीस मेगावॉट लागले, म्हणजे दहा लाख मेंदूंची वीज. दोघांची कामे सारखी नाहीत, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण संथ आणि विस्तीर्ण रचनेत किती सामर्थ्य असते, हे त्यावरून नक्की दिसते.

पुसण्याची किंमत तापमानाच्या प्रमाणात कमी होते, मग संगणक थंड का ठेवू नये, असे तुम्ही विचाराल. पृथ्वीवर हा मार्ग फार उपयोगाचा नाही. संगणक ३०० केल्विनवरून (निरपेक्ष शून्यापासून मोजलेले तापमान, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअस) ३ केल्विनवर नेला तर पुसण्याची किंमत शंभरावा हिस्सा होते हे खरे, पण ती उष्णता ३ केल्विनवरून उचलून खोलीच्या तापमानाच्या हवेत टाकण्यासाठी आदर्श शीतयंत्रालाही तिच्या नव्व्याण्णव पट काम करावे लागते आणि हिशेब नेमका जिथून निघालो तिथेच परत येतो. थंडी विकत घेऊन फायदा नाही, ती आयती मिळायला हवी. अशा जागा आहेत. चंद्राच्या ध्रुवांजवळच्या काही विवरांत कायम सावली असते आणि तिथे ४० केल्विनपेक्षा कमी तापमान मोजले गेले आहे; सूर्यापासून खूप दूर गेले तर अवकाशाची पार्श्वभूमी २.७ केल्विनची आहे.

परंतु तिथेही एक अडचण आहे आणि भविष्याविषयीच्या लिखाणात तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, म्हणून ती जरा विस्ताराने मांडतो. अवकाशात ना हवा आहे ना पाणी. उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग म्हणजे प्रारण (उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर पडणे), आणि प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने कमी होते. ३०० केल्विनवरचा एक चौरस मीटर काळा पत्रा सुमारे ४६० वॉट बाहेर टाकतो; ३० केल्विनवरचा तेवढाच पत्रा त्याच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढे, म्हणजे एका वॉटच्या विसाव्या भागापेक्षाही कमी टाकतो. दहापट थंड झाल्याने प्रत्येक बिट पुसणे दहापट स्वस्त झाले, पण उष्णता टाकण्याची क्षमता दहा हजारपटीने घटली. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे एका सेकंदात पुसता येणारी बिटे हजारपटीने कमी झाली. थंड संगणकाला एक तर फार हळू चालावे लागेल, नाही तर फार मोठे पंख पसरावे लागतील. बहुधा दोन्ही करावे लागेल. माझ्या डोळ्यांसमोर जे चित्र येते ते चकाकणाऱ्या गोलाचे नाही, तर अंधारात पसरलेल्या अत्यंत पातळ, काळ्या पत्र्यांचे आहे.

आणि पसरायचे म्हटले की प्रकाशाचा वेग आडवा येतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो. तीन गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात तो फक्त दहा सेंटिमीटर कापतो, त्यामुळे आजही एका रॅकमधून दुसऱ्या रॅकमध्ये निरोप जाईपर्यंत प्रोसेसरचे कित्येक ठोके वाट पाहण्यात जातात. नेपच्यूनच्या कक्षेएवढा संगणक कोणी बांधला, तर त्याच्या एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला पोहोचायला आठ तासांहून अधिक, म्हणजे कारखान्यातली एक पूर्ण पाळी लागेल. अशा यंत्राला ‘एक संगणक’ म्हणणे मला बरोबर वाटत नाही. त्याच्या प्रत्येक भागाला बाकीच्यांची वाट न पाहता निर्णय घ्यावे लागतील आणि उशिरा आलेल्या बातमीनुसार ते सुधारावे लागतील. जुन्या काळी दूरच्या सुभ्यांचा कारभार जासूद आणि पत्रे यांवर जसा चाले, तसाच त्याचा कारभार चालेल.

धुळीच्या कणाएवढ्या संगणकाविषयी थोडेच सांगतो, कारण तो फार दूरचा नाही. २०१८ मध्येच मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी अवघ्या ०.३ मिलिमीटर बाजूचे गणनयंत्र तयार केले. वीज गेली की त्यातला प्रोग्रॅम आणि माहिती दोन्ही नाहीशी होत असत. अशी यंत्रे शेतात, शरीरात, भिंतीत सर्वत्र जातील. पण सिलिकॉनच्या स्फटिकातला एकक घनच ०.५४ नॅनोमीटरचा आहे आणि आजच्या ट्रान्झिस्टरचे काही भाग अशा जेमतेम दहा-बारा घनांच्या रुंदीचे झाले आहेत, तेव्हा आणखी लहान होण्याला जागा थोडीच उरली आहे. एका किलो पदार्थातून सेकंदाला सुमारे पाचावर पन्नास शून्ये इतक्या क्रिया काढता येतील, असा सेठ लॉइड यांचा २००० सालचा हिशेब पुष्कळदा सांगितला जातो. तो गणिताने बरोबर आहे. पण त्या अवस्थेतला पदार्थ कोट्यवधी अंशांचा धगधगता गोळा असतो, त्यामुळे अंतिम मर्यादा म्हणून तो लक्षात ठेवावा, आराखडा म्हणून नव्हे.

क्वांटम संगणक, म्हणजे अणूंच्या पातळीवरचे क्वांटम नियम वापरून गणना करणारे यंत्र, हेच भविष्य आहे का, असेही बरेच जण विचारतात. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची जी रीत दाखवली, तीत क्वांटम यंत्राचा लाभ प्रचंड आहे. लव्ह ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या शोधपद्धतीत तो वर्गमुळाइतकाच आहे. आणि रोजच्या बहुतेक कामांत तो नाही. मला त्यात दिसणारा धागा वेगळा आहे. क्वांटम गेट्स मुळातच व्युत्क्रमी असतात, ती काहीच विसरत नाहीत. मात्र क्वांटम अवस्था फार नाजूक असल्यामुळे चुका सतत शोधून दुरुस्त कराव्या लागतात आणि चुकांच्या त्या नोंदी वारंवार पुसाव्या लागतात. पुसण्याची किंमत तिथेही चुकत नाही. दूरच्या काळातल्या यंत्रात क्वांटम भाग नक्की असेल. मोठ्या कारखान्यात एका कोपऱ्यात जशी भट्टी असते तसा.

उरला प्रश्न त्या यंत्रात काय चालत असेल याचा. माझा अंदाज असा आहे की, त्याच्या तळाशी आपण आज लिहिलेले पुष्कळ काही तसेच असेल. १९५९ मध्ये आकाराला आलेली कोबोल ही भाषा आजही बँकांचे व्यवहार सांभाळते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी यंत्रे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाल्यानंतर, मोजणी चुकणार आहेत. ती दुरुस्त करताना आपण ६४ बिटे घेतो आहोत आणि ती मोजणी सुमारे २९२ अब्ज वर्षे पुरेल. म्हणजे १९७० सालचा तो शून्य आपण हलवलेला नाही, त्याच्यावर मजले चढवले आहेत.

पण नुसते न पुसणे पुरेसे नाही, हे मराठी माणसाने तरी विसरू नये. नव्वदच्या दशकात आम्ही कार्यालयात मराठीत टंकित केलेली कितीतरी पत्रे माझ्याजवळ आहेत. त्यांतले एकही बिट पुसले गेलेले नाही. तरीही आज ती उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांग दिसते, कारण त्या काळी प्रत्येक फाँट बनवणाऱ्याने ‘क’ कुठे आणि ‘ऱ्य’ कुठे हे आपापल्या सोयीने ठरवले होते. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र शोधण्यासाठी मी एकदा पूर्ण दुपार घालवली होती. युनिकोडमुळे, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीमुळे, पुढची अडचण टळली, पण तीसच वर्षांत जर किल्ली हरवू शकते, तर दहा हजार वर्षे टिकणाऱ्या संगणकाला माहितीबरोबर ती वाचण्याची रीतही जपावी लागेल, तीसुद्धा त्या रीतीची ओळख नसलेल्याला उलगडेल अशा स्वरूपात. हे काम प्रोसेसर बनवण्यापेक्षा सोपे नाही.

आज काय शिकावे, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर उष्मागतिकी, म्हणजे उष्णता आणि ऊर्जा यांचे शास्त्र, हे आहे. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना तो यंत्र शाखेचा विषय वाटतो आणि त्यात त्यांचे नुकसान होते. सुरुवात करायला एक लहानसे उदाहरण देतो. आठ-आठ बिटांच्या दोन संख्या घ्या आणि त्यांची बेरीज करा. आत सोळा बिटे गेली, बाहेर नऊ आली. किमान सात बिटे तुम्ही टाकून दिलीत आणि त्यांची उष्णता खोलीत आली. आता तीच बेरीज पुन्हा करा, पण उत्तराबरोबर पहिली संख्याही जवळ ठेवा. उत्तरातून ती वजा केली की दुसरी संख्या परत मिळते, म्हणजे या खेपेस काहीच हरवलेले नाही. अशी बेरीज करणारे सर्किट कागदावर काढून पाहा, आणि मग गुणाकाराचे काढा. गुणाकारात पहिली संख्या शून्य असेल तर काय होते तिथे तुम्ही अडाल. तिथून पुढचा अभ्यास सुरू होतो.